वारा पडल्यावरची थंडी

डिसेंबर २०१८ चा अखेरचा आठवडा महाराष्ट्रातल्या अनेकांच्या लक्षात असेल. २९ डिसेंबरला नागपूरचे किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत खाली आले. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड परिसरात पारा २ अंशांच्या आसपास पोचला आणि पहाटे द्राक्षबागांतल्या पानांवर, गवतावर पांढरे हिमकण दिसले. अशी थंडी नवी नाही. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश, तर मुंबईत सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश तापमान नोंदले गेले होते.

अशा आठवड्यात एक विसंगती हमखास दिसते. दिवसभर बोचरा उत्तरेचा वारा सुटलेला असतो, स्वेटर-मफलर घालूनही अंगात हुडहुडी भरते. त्या दिवशी सगळे म्हणतात, "आज थंडीचा कहर झाला." पण दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र पाहावे, तर किमान तापमान ९-१० अंशांच्या खाली गेलेले नसते. मग दोन दिवसांनी वारा पडतो. दुपारी ऊन छान वाटते, लोक म्हणतात थंडी कमी झाली. आणि नेमक्या त्याच रात्री पारा ४-५ अंशांवर उतरतो!

वारा असताना थंडी जास्त वाजते, पण तापमान जास्त उतरते ते वारा थांबल्यावर. असे का होते, हा प्रश्न आठवी-नववीच्या वर्गात जरूर विचारून पाहावा. उष्णतेच्या वहनाचे पाठ्यपुस्तकातले तिन्ही प्रकार त्याच्या उत्तरात येतात. शिवाय हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. वर्षभराचे कर्ज आणि कष्ट द्राक्षाच्या वेलींवर टांगलेले असतात, तेव्हा कोणत्या रात्री जागायचे हे शेतकऱ्याला ठरवावे लागते.

थंडी येते कुठून?

"उत्तरेकडे हिमालयात बर्फ पडला, म्हणून आपल्याकडे थंडी आली" असे आपण सहज म्हणतो. त्यात तथ्य आहे, पण बर्फावरून निघालेला वारा थेट नाशिकला पोचतो असे मात्र नाही.

हिवाळ्यात उत्तर भारतावरून सुमारे १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिशय वेगवान वारे वाहतात. यांना जेट प्रवाह म्हणतात. या प्रवाहाबरोबर भूमध्य समुद्राच्या बाजूने कमी दाबाची क्षेत्रे इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असा प्रवास करत आपल्याकडे येतात. त्यांना हवामानशास्त्रात पश्चिमी विक्षोभ असे नाव आहे. ऐन हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा विक्षोभ येतात. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडातला हिमवर्षाव आणि पंजाब-हरियाणातल्या गव्हाला मिळणारा पाऊस ही त्यांचीच देणगी.

विक्षोभ पूर्वेकडे सरकला, की त्याच्या पिछाडीला वायव्येकडून कोरडी, थंड आणि जड हवा उत्तर भारताच्या मैदानात शिरते. ही हवा राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडते आणि तापीच्या खोऱ्यातून खानदेशात, पुढे नाशिक, मराठवाडा, विदर्भात पोचते. सैबेरियातली त्याहून कितीतरी थंड हवा मात्र आपल्यापर्यंत येत नाही. जड हवा जमिनीलगत पसरते आणि हिमालयाची भिंत तिला अडवते. त्या भिंतीचा आडोसा नसता, तर आपले हिवाळे फार वेगळे झाले असते.

भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येप्रमाणे मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी असेल आणि ते त्या ठिकाणच्या सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा जास्त खाली गेले असेल, तर थंडीची लाट आली असे म्हणतात. सरासरीपेक्षा ६.४ अंशांहून अधिक घट झाली तर तीव्र लाट. तापमान थेट ४ अंशांवर किंवा त्याखाली गेले, तर सरासरी न पाहताही लाट मानतात. म्हणजे 'लाट' हा शब्द केवळ आकड्यावर ठरत नाही, त्या गावाला कशाची सवय आहे यावरही ठरतो.

आठवड्याचे दोन भाग

थंडीच्या अशा आठवड्याचे ढोबळमानाने दोन भाग पडतात.

पहिल्या भागात बाहेरची थंड हवा वाऱ्याबरोबर आपल्या गावात येते. आकाश स्वच्छ होते, उत्तरेचा वारा सुटतो, दुपारचे तापमानही चार-पाच अंशांनी उतरते. ही आयात केलेली थंडी.

नंतर दोन-तीन दिवसांत जास्त दाबाचे क्षेत्र आपल्या भागावर येऊन बसते. जास्त दाबाच्या क्षेत्राच्या मध्याशी वारा मंद असतो आणि हवा वरून हळूहळू खाली बसत असल्यामुळे ढग तयार होत नाहीत. बाहेरून आता नवी थंड हवा फारशी येत नाही. पण स्वच्छ आकाश, कोरडी हवा, पडलेला वारा आणि तेरा तासांची लांब रात्र एवढे साहित्य जमल्यावर थंडी आपल्या शेतातच तयार होऊ लागते. ही घरची थंडी, आणि तीच अधिक तीव्र.

ती कशी तयार होते ते थोडे आकडेमोड करून पाहू.

आकाशाकडे जाणारी उष्णता

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार प्रारणे बाहेर टाकते. ७ अंश सेल्सिअसला, म्हणजे २८० केल्विनला, असलेली जमीन दर चौरस मीटरमधून सुमारे ३५० वॅट इतकी ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपाने सोडते. स्टीफन-बोल्ट्झमन नियम वापरून बारावीचे विद्यार्थी हे स्वतः पडताळू शकतील. हवेतली बाष्पे, कार्बन डायऑक्साइड आणि ढग यातली बरीचशी ऊर्जा शोषतात व पुन्हा जमिनीकडे पाठवतात. ढगाळ रात्र उबदार असते ती यामुळेच. ढग म्हणजे जमिनीने पांघरलेली गोधडी. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल, तर ही गोधडी विरते आणि जमिनीचा निव्वळ तोटा चौरस मीटरमागे ८० वॅटच्या आसपास जातो.

तेरा तासांच्या रात्रीत हा तोटा किती होईल? ८० × १३ × ३६०० म्हणजे सुमारे ३७ लाख ज्यूल. हा खर्च कोणीतरी भरून काढायलाच हवा. समजा, यातला निम्मा मातीने आपल्या साठ्यातून दिला. उरलेले सुमारे १९ लाख ज्यूल जमिनीलगतच्या हवेकडून जाणार.

आता वाऱ्याचे काम पाहा. वारा असेल तेव्हा हवा सतत ढवळली जाते. जमिनीलगतची गार हवा वर जाते, वरची उबदार हवा खाली येते आणि हा खर्च जाड थरात वाटला जातो. ४०० मीटर जाडीच्या हवेच्या थराचे तापमान १ अंशाने उतरवायला प्रत्येक चौरस मीटरमागे सुमारे ४.८ लाख ज्यूल काढावे लागतात. म्हणजे हवा जेमतेम ४ अंशांनी थंड होईल. वारा नसेल, तर ढवळणे थांबते. हाच सगळा खर्च जमिनीलगतच्या १०० मीटरच्या थरावर पडला, तर घट होईल १५ अंशांहून अधिक!

हा हिशेब अगदी ढोबळ आहे. प्रत्यक्षात तळाचा थर सर्वांत जास्त आणि वरचा कमी थंड होतो, मातीचा वाटाही बदलतो. पण मुद्दा स्पष्ट आहे. उष्णतेचा तोटा दोन्ही रात्री जवळजवळ सारखाच असतो. वाऱ्याच्या रात्री तो पुष्कळ हवेत वाटला जातो आणि निवांत रात्री थोड्या हवेच्या माथी बसतो.

अशा रात्री आणखी एक गंमत होते. एरवी उंचावर जावे तसे तापमान कमी होते. निवांत रात्री मात्र जमिनीलगत सर्वांत गार आणि काही मीटर वर उबदार हवा असते. याला तापमानाची विपरीतता म्हणतात. सकाळी गावावर धुराचा सपाट पट्टा तरंगताना दिसतो, तो या विपरीत थराखाली अडकलेला धूर असतो.

महाबळेश्वरपेक्षा निफाड थंड का?

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे, निफाड साधारण साडेपाचशे मीटरवर. उंचीच्या नेहमीच्या नियमाने महाबळेश्वर निफाडपेक्षा पाच अंशांनी थंड असायला हवे. दुपारी ते असतेही. पण जानेवारीच्या रात्री चित्र उलटे होते. महाबळेश्वरचे जानेवारीतले सरासरी किमान तापमान १३ अंशांच्या वर असते, तर निफाडला त्याहून कितीतरी खालचे आकडे नेहमी दिसतात.

कारण वरच्याच विवेचनात आहे. थंड हवा जड असते आणि पाण्यासारखी उतारावरून खाली वाहते. महाबळेश्वर डोंगरमाथ्यावर आहे. तिथे तयार झालेली गार हवा कड्यांवरून खोऱ्यात उतरून जाते, तिची जागा आजूबाजूची उबदार हवा घेते. शिवाय माथ्यावर वारा सहसा पूर्ण पडत नाही. निफाड गोदावरी-कादवेच्या सखल खोऱ्यात आहे. आजूबाजूच्या चढावरची गार हवा तिथे येऊन साचते, जणू थंडीचे तळेच.

मग महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी हिमकण दिसल्याच्या बातम्या येतात, त्या कशा? तलावाचा परिसर पठारावरच्या खोलगट भागात आहे. गावातला तापमापक १० अंश दाखवत असतानाही त्या खोलगटात गवत गोठू शकते. इथे दुसराही मुद्दा आहे. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. उघड्या आकाशाखालचे गवत त्याहून तीन ते पाच अंशांनी अधिक थंड असू शकते. म्हणून 'पारा ४ अंशांवर' अशी बातमी असली, तरी त्या पहाटे पानाचे तापमान शून्याजवळ असू शकते हे ध्यानात ठेवायला हवे.

एक जुना भारतीय उद्योग

निवांत रात्रीच्या या गुणाचा आपल्या देशात एके काळी व्यवसाय चालत असे. सर रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अलाहाबाद परिसरातली बर्फ तयार करण्याची रीत वर्णन केली आहे. मोकळ्या मैदानात सुमारे दोन फूट खोल खड्डे करत. त्यांत उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटे वीतभर जाडीने पसरत आणि त्यांवर उथळ, कच्च्या मातीच्या परळांत पाणी भरून ठेवत. हवेचे तापमान शून्याच्या वर असूनही पहाटे परळांत बर्फाचा थर मिळे.

यातले भौतिकशास्त्र पाहण्यासारखे आहे. ताटांचा थर जमिनीची उष्णता पाण्यापर्यंत येऊ देत नाही, कोरड्या हवेत बाष्पीभवन होते आणि उघड्या आकाशाकडे प्रारणाने उष्णता जात राहते. आकाश निरभ्र आणि हवा स्तब्ध असेल तरच बर्फ चांगला जमतो, हे त्या कारागिरांना पक्के ठाऊक होते. पुढे १८१४ मध्ये विल्यम चार्ल्स वेल्स यांनी दवावरील आपल्या निबंधात याची मीमांसा केली. दव आकाशातून पडत नाही. प्रारणाने गार झालेल्या पानावर हवेतलेच बाष्प जमते, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवले.

दव पडते तेव्हा बाष्पातली अप्रकट उष्णता मोकळी होते आणि तापमानाच्या घसरणीला थोडा लगाम बसतो. उत्तरेची हवा फार कोरडी असेल, तर हा लगाम फार उशिरा लागतो, कधी शून्याच्याही खाली. तेव्हा बाष्पाचे थेट हिमकण होतात.

मग वाऱ्यात थंडी का वाजते?

आपले शरीर ३७ अंशांच्या आसपास राहण्यासाठी सतत उष्णता तयार करते. त्वचेलगत उबदार हवेचा एक पातळ थर असतो, तोच आपला पहिला सदरा. वारा हा सदरा सारखा ओढून नेतो आणि शरीराला तो पुन्हा पुन्हा तयार करावा लागतो. तापमान तेच राहते, उष्णता जाण्याचा वेग मात्र वाढतो.

पॉल सायपल आणि चार्ल्स पासेल यांनी अंटार्क्टिकावर प्लॅस्टिकच्या नळकांड्यातले पाणी निरनिराळ्या वाऱ्यात किती वेळात गोठते ते मोजले आणि १९४५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कॅनडा व अमेरिकेने २००१ मध्ये त्यात सुधारणा करून नवे सूत्र स्वीकारले. त्याप्रमाणे हवेचे तापमान ८ अंश असताना वारा ताशी १० किलोमीटरने वाहत असेल, तर उघड्या चेहऱ्याला ते ६ अंशांसारखे वाटते, २० किलोमीटरला ५ आणि ३० किलोमीटरला ४ अंशांसारखे. सकाळच्या शाळेला सायकलवर येणारी मुले तर स्वतःच वारा तयार करत असतात. त्यांचे कान, बोटे आणि छाती झाकलेली आहे ना, एवढे शिक्षकांनी पाहावे. उघड्यावर झोपणाऱ्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना वारा अडवणारा साधा आडोसाही मोठा आधार असतो.

पण स्वतः उष्णता तयार न करणाऱ्या वस्तूला हा हिशेब लागू नाही. वाऱ्यात ठेवलेला कोरडा तापमापक हवेच्या तापमानाच्या खाली जात नाही. द्राक्षाचे पानही वाऱ्यात हवेपेक्षा फारसे थंड होत नाही, उलट वारा त्याला हवेच्या तापमानाजवळ धरून ठेवतो. म्हणजे जो वारा आपला वैरी, तोच पिकाचा राखणदार.

शेतातली रात्र

ऑक्टोबर छाटणीनंतरच्या द्राक्षबागेत डिसेंबर-जानेवारीत मणी फुगत असतात किंवा त्यांत साखर भरत असते. १० अंशांच्या खाली वेलीची वाढ जवळजवळ थांबते. दिवस-रात्रीच्या तापमानात फार फरक पडला, तर मण्यांना तडे जातात, हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा येते आणि निर्यातीचा माल नाकारला जातो. त्याच थंडीने गहू-हरभऱ्याचे भले होते, हा भाग निराळा.

शेतकरी अशा रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. धुराने थंडी अडते असा समज आहे. पण जमिनीतून जाणाऱ्या अवरक्त किरणांची तरंगलांबी १० मायक्रॉनच्या आसपास असते आणि धुराचे कण बहुधा एका मायक्रॉनहून लहान. ते या किरणांना विशेष अडवू शकत नाहीत. उपयोग होतो तो आगीच्या उष्णतेचा आणि तिच्यामुळे हवा ढवळली जाण्याचा. म्हणून ओला पालापाचोळा धुमसत ठेवण्यापेक्षा चांगल्या पेटलेल्या लहान लहान शेकोट्या बागभर विखुरलेल्या बऱ्या. एकच मोठा जाळ केला, तर गरम हवा विपरीत थर भेदून सरळ वर जाते आणि तिच्या जागी भोवतालची गार हवा बागेत ओढली जाते. काही देशांत फळबागांत उंच खांबांवर मोठे पंखे लावतात. तेही वरची उबदार हवा खाली आणण्याचेच काम करतात.

पाण्याचा हिशेब आणखी बोलका आहे. विहिरीचे पाणी हिवाळ्यात २४ अंशांच्या आसपास असेल असे धरू. ते ४ अंशांपर्यंत गार होताना दर लिटरला सुमारे ८४ हजार ज्यूल उष्णता देते. शेताला १० मिलिमीटर पाणी दिले, म्हणजे चौरस मीटरला १० लिटर, तर ८ लाख ४० हजार ज्यूल मिळतात. ८० वॅटच्या हिशेबाने हा सुमारे तीन तासांचा तोटा झाला. काही उष्णता बाष्पीभवनात जाईल हे खरे. पण किमान तापमान मध्यरात्री येत नसून सूर्योदयाच्या सुमारास येते, कारण तोवर तोटा चालूच असतो. म्हणून पहाटेचे तीन तास महत्त्वाचे. तेवढ्यासाठी एकरी सुमारे ४० हजार लिटर पाणी लागेल, हेही या हिशेबातून कळते. शिवाय ओली माती कोरड्या मातीपेक्षा खालची उष्णता चांगली वर आणते. म्हणून आदल्या दिवशी दिलेले पाणीही वाया जात नाही.

तुषार सिंचनाने पाणी पानांवर गोठू दिले, तर दर किलोला ३३४ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते आणि पान शून्याजवळ टिकते. मात्र पाण्याचे बाष्पीभवन होताना त्याच्या साडेसात पट उष्णता काढून घेतली जाते. पंप मध्येच थांबला, तर ओली पाने कोरड्या पानांहून अधिक गार होतात. वीज सूर्योदयापर्यंत राहील याची खात्री नसेल, तर हा उपाय सुरूच न केलेला बरा. रात्रीची वीज हा केवळ सोयीचा प्रश्न नसतो, तो असा.

शाळेत करून पाहण्यासारखे

१. दोन सारखे तापमापक घ्या. एक पंख्याच्या वाऱ्यात ठेवा, दुसरा आडोशाला. दहा मिनिटांनी वाचन सारखेच येईल. आता वाऱ्यातल्या तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा आणि फरक पाहा. हवा जितकी कोरडी, तितका फरक मोठा.

२. थंडीच्या निरभ्र रात्री एक तापमापक मैदानातल्या गवतावर, एक झाडाखाली त्याच उंचीवर आणि एक सव्वा मीटर उंचीवर सावलीच्या पेटीत ठेवा. सूर्योदयापूर्वी तिन्ही वाचा. झाडाचा विस्तार जमिनीच्या आणि आकाशाच्या मध्ये येतो. त्याचा परिणाम आकड्यांत दिसेल.

३. आठवडाभर रोज वाऱ्याची दिशा, त्याचा जोर, ढग आणि पहाटेचे तापमान यांचा तक्ता भरा. वाऱ्याच्या जोरासाठी उपकरण लागत नाही. पाने हलतात का, धूर सरळ जातो की वाकतो, एवढे लिहिले तरी पुरे. गाव टेकडीवर असेल तर माथ्यावरच्या आणि नदीकाठच्या मुलांनी वेगवेगळ्या नोंदी ठेवाव्यात.

अशा तक्त्यात वारा उत्तरेकडून आग्नेयेकडे किंवा पूर्वेकडे वळलेला दिसला, हवा दमट झाली आणि पांढरे ढग आले, तर आठवडा संपत आला असे समजावे. पुढचा विक्षोभ जवळ आलेला असतो. याउलट संध्याकाळी आकाश निरभ्र आहे, पान हलत नाही आणि चुलीचा धूर थोडा वर जाऊन आडवा पसरतो आहे, असे दिसले तर मुलांनी घरी जाऊन सांगावे, आज रात्री बागेत जागे राहायला हवे.